वेरूळची वाट : मुक्काम लासूर स्टेशन

नाताळच्या सुटींत वेरूळास जावयाचें, हें दिवाळींतच ठरलें होतें. परंतु उतरावयाचें कोठें, हा प्रश्न निघण्याच्या आदल्या आठवड्यापर्यंत सुटला नव्हता. आमचें कुटुंब एकत्र. दोन चिरंजीव, दोन सुना, चार नातवंडें, आमची गृहिणी व आम्ही, अशीं एकंदर दहा माणसें. नातवंडांत थोरली अकरा वर्षांची, मग सात व पांच वर्षांचीं दोन भावंडें, आणि सर्वांत धाकटा पावणेदोन वर्षांचा. हा धाकटा म्हणजे मूर्तिमंत चैतन्य! जेथें कडी, जिना, पाण्याची बादली अथवा विजेचा खटका दिसेल तेथें तो क्षणांत पोहोंचतो. तेव्हां वेरूळास काय पाहावें, यापेक्षां रात्रीं हा कोठें निजेल याचीच विवंचना आम्हांस अधिक होती.

या विवंचनेस पूर्वानुभवाचें कारण होतें. दोन वर्षांपूर्वीं एका थंड हवेच्या गांवीं (नांव घेण्याचें प्रयोजन नाहीं) आम्हीं नुसतीं छायाचित्रें पाहून दुसऱ्या मजल्यावरच्या खोल्या ठरविल्या. खोलीपुढें सज्जा, सज्जापुढें दरी, असा थाट. पोहोंचून अर्धा तास झाला नाहीं तोंच आमच्या तेव्हां तीन वर्षांच्या नातवानें कठड्याच्या दोन गजांमधून डोकें आणि एक खांदा बाहेर काढला. थोरल्या सूनबाई जवळच होत्या. त्यांनीं पाय धरून मागें ओढला म्हणून निभावलें. पुढें चार दिवस सज्जाचें दार दोरीनें बांधून त्यास दोन बॅगा टेकवून ठेविल्या होत्या. ज्या देखाव्यासाठीं दुप्पट पैसे मोजले, तो आमच्यापैकीं कोणीं पाहिला नाहीं. सूनबाई मात्र अजून मधूनच रात्रीं दचकून उठतात आणि पोराच्या अंगावर हात ठेवून पाहतात.

म्हणून या खेपेस घरांत रीतसर सभा भरली. आमच्या गृहिणीचें म्हणणें असें कीं, घृष्णेश्वर हें ज्योतिर्लिंगांपैकीं एक. तेव्हां देवळाशेजारींच एखाद्या धर्मशाळेंत अथवा उपाध्यायांच्या घरीं उतरावें, वडील मंडळी तशींच उतरत. थोरल्या चिरंजीवांचा कल शहराकडे : मोठें हॉटेल, लिफ्ट, जवळ डॉक्टर. परंतु छत्रपति संभाजीनगराहून वेरूळ सुमारें तीस किलोमीटर. म्हणजे रोज जाऊनयेऊन साठ, आणि गाडींत बसतांच ओकणारें एक मूल आमच्यांत आहे. धाकट्या सूनबाईंनीं म्हैसमाळचें नांव काढलें. तें खुलताबादेपलीकडचें उंच ठिकाण आम्हांसही प्रिय. पण डिसेंबरांतला तेथला वारा धाकट्याच्या छातीस मानवेल असा भरंवसा वाटेना.

आमच्या मनांत निराळेंच होतें. लासूर स्टेशनास आमचे वडील मावसबंधु राहतात. सेवानिवृत्त शिक्षक, घर ऐसपैस, अंगणांत बेलाचें व लिंबाचें झाड. 'वेरुळास याल तर उतरावयाचें आमच्याकडेच' असें ते गेलीं दहा वर्षें बजावीत आले आहेत. तेथून वेरूळ सुमारें तासाभराच्या रस्त्यावर. पांचही रात्री तेथेंच काढाव्या, असें आम्हीं सुचविलें.

थोरल्या सूनबाई थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "बाबा, पांच दिवस आपण दहाजण तिथें राहिलों तर सुटी आपली होईल. काकूंची नाहीं."

हें ऐकून आम्हांस राग आला, हें लपवीत नाहीं. नातेवाइकांच्या घरीं उतरण्यांत हिशेब कसला पाहावयाचा, असें आम्ही बोलूनही गेलों. परंतु वहिनींचें वय पासष्टावर, गुडघे दुखरे, घरीं कामास एक बाई येते तीही सकाळपुरती. दहा माणसांचें दोन वेळचें जेवण, तीन वेळचा चहा, मुलांचें दूध, आंघोळीचें पाणी... आम्ही पुरुष मंडळी ज्यास 'घरगुती मुक्काम' म्हणतों, तो कोणाच्या तरी कंबरेवर उभा असतो, हें एवढ्या वयांत आम्हांस सुनेनें दाखवावें लागलें. अखेर दोन रात्री लासुरास आणि तीन रात्री वेरुळास, असा तोडगा निघाला.

वेरूळच्या खोल्या ठरविण्याचें काम थोरल्या सूनबाईंनीं आपल्याकडे घेतलें. त्यांनीं तीन ठिकाणीं फोन केले व जे प्रश्न विचारले ते आमच्या स्मरणांत राहिले आहेत. खोली तळमजल्यावर आहे काय? दार उघडतांच रस्ता लागतो कीं अंगण? आवारांत उघडा हौद अथवा विहीर आहे काय? ऊन पाणी सूर्यचुलीचें कीं विजेचें, आणि किती वाजेपर्यंत? मुलांसाठीं तिखट न घालतां वरणभात सायंकाळीं साडेसहाला मिळेल काय? जवळ लग्नाचें कार्यालय आहे काय? एका ठिकाणच्या गृहस्थांनीं "सगळी सोय होईल" एवढेंच उत्तर दिलें. त्यांचें नांव सूनबाईंनीं तत्काळ खोडलें. दुसऱ्यांनीं "हौद आहे, पण झांकण नाहीं" असें सरळ सांगितलें. तिसऱ्यांकडे सर्व जुळलें, खोल्या मात्र साध्या. साध्याच घेतल्या.

मनमाड सुटलें आणि हडबीची शेंडी, मग अंकाई-टंकाईची जोडी दिसूं लागली, तेव्हां मुलें खिडकीस चिकटलीं. गाडींत पांच वर्षांखालील मुलास तिकीट लागत नाहीं; पांच ते बारा वर्षांच्या मुलास आरक्षित डब्यांत स्वतंत्र जागा हवी असल्यास 2016 पासून पूर्ण भाडें पडतें. आम्हीं तें भरलें व जागा घेतल्या. मुलास मांडीवर घेऊन बसण्याची काटकसर मनमाडपर्यंतही टिकत नाहीं. हा मार्ग निजामी अमदानींत 1900 च्या सुमारास झाला. मीटर गेज असल्यामुळें आमच्या लहानपणीं मनमाडास वळकट्या, ट्रंका व मुलें एका गाडींतून उतरवून दुसरींत चढवावीं लागत. फिरकीचा तांब्या हातीं घेऊन धांवणारी आमची आई अजून डोळ्यांपुढें येते. 1990 नंतरच्या कांहीं वर्षांत मार्ग रुंद झाला आणि ती धांवपळ संपली. पुढें नगरसूल, रोटेगांव, परसोडा, करंजगांव, आणि मग लासूर.

लासूर स्टेशन आणि लासूर गांव हीं दोन निराळीं. गांव जुनें, शिवना नदीच्या कांठीं, दाक्षायणी देवीचें. स्टेशनची वस्ती रेल्वेमुळें वाढलेली व्यापारी पेठ. बाहेर पडतांच कांद्याचा वास आला. हा लाल कांद्याचा हंगाम. बाजाराकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती, आणि सात वर्षांच्या नातवानें एकोणीस ट्रॅक्टर मोजले. वेरुळाहून परतल्यावरही त्यानें मित्रांस प्रथम हेच सांगितलें.

वहिनींनीं आमचें स्वागत जसें केलें तसें कोणतेंही हॉटेल करणार नाहीं. परंतु दुसऱ्या दिवशीं पहाटे चारला आम्ही जागे झालों तों त्या एकट्या पाणी तापवीत होत्या, एक हात भिंतीस टेकलेला. थोरल्या सूनबाई आमच्या आधींच उठून त्यांच्याजवळ बसल्या होत्या. त्या दिवसापासून स्वयंपाक दोघी सुनांनीं केला व भाजी चिरंजीवांनीं चिरली. मावसबंधूंस तें पाहून फार चमत्कारिक वाटलें.

तो वार मंगळवार. वेरूळचीं लेणीं मंगळवारीं बंद असतात (अजिंठ्याचीं सोमवारीं), हें पाहूनच दिवस योजले होते. सकाळीं दाक्षायणीचें दर्शन झालें. दुपारीं दौलताबादेस चांदमिनारापर्यंत गेलों. पुढील अंधारी वाट मोठ्यांनीं पाहिली, मुलें खालींच राहिलीं.

त्याच सायंकाळीं गच्चीवर मंडळी बसली असतां धाकटा दिसेना. गच्चीचा कठडा आमच्या गुडघ्याएवढा. तो कोपऱ्यांत, पालथ्या घातलेल्या घमेल्यावर उभा होता व खालच्या गाईस हांका मारीत होता. थोरल्या चिरंजीवांनीं त्यास उचलला. कोणीं कांहीं बोललें नाहीं. आम्हीं सूनबाईंकडे पाहिलें. त्यांचा चेहरा दोन वर्षांपूर्वीं होता तसाच झाला होता. अनोळखी जागेंत आपण सावध असतों. आप्तांच्या घरीं दहाजणांपैकीं प्रत्येकास वाटतें कीं मूल दुसऱ्याजवळ आहे.

वेरूळचा मुक्काम सुखाचा झाला. लेणीं पश्चिमाभिमुख असल्यामुळें दुपारनंतर त्यांवर प्रकाश चांगला पडतो. पण सबंध दिवस मुलें टिकत नाहींत. आम्ही सकाळीं कैलास पाहून अकराला परत येत असूं, मुलें जेवून निजत, आणि चारला पुन्हां बाहेर पडत असूं. अशा रीतीनें दोन दिवसांत चौतीसांपैकीं बारा-तेरा लेणीं झालीं. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळीं एकसंध कातळ वरून खालीं कोरीत हें मंदिर काढलें, हें थोरल्या नातीस समजलें. मधल्या दोघांस हत्ती पुरले. शहरांत उतरलों असतों तर ही दुपारची निद्रा गेली असती व तिच्यामागून इंद्रसभाही. अहिल्याबाई होळकरांनीं जीर्णोद्धार केलेल्या घृष्णेश्वराचें दर्शन आम्हीं पाळीपाळीनें घेतलें. निम्मे रांगेंत, निम्मे मुलांजवळ. पुरुषांस गाभाऱ्यांत सदरा काढून जावें लागतें, याचें पांच वर्षांच्या नातवास भारी अप्रूप. खोलींत एकच उणीव आढळली. न्हाणीघराची आंतली कडी मुलाच्या हातीं येण्याजोगी होती. सूनबाईंनीं तीवर रुमाल गुंडाळून गांठ मारली.

परततांना लासुरास दोन तास थांबलों. वहिनींस आमच्या गृहिणीनें भीतभीतच विचारलें, "जाऊबाई, तीन दिवस तिकडे उतरलों, राग नाहीं ना आला?"

वहिनी हंसल्या. "मुळींच उतरलां नसतां तर आला असता. पांचही दिवस राहिलां असतां तर मी अंथरूण धरलें असतें."

चैत्रांत त्या आठ दिवस आमच्याकडे नाशिकास येणार आहेत. त्या आठ दिवसांत त्यांनीं स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडावयाचा नाहीं, असें सूनबाईंनीं फोनवर बजाविलें आहे. त्याच फोनवर मावसबंधूंनीं कळविलें कीं, गच्चीच्या कठड्यास गवंडी लावला आहे.