पीठ नसलेला पीठाधीश

दाभोळच्या खाडीकाठी राहून ख्रिस्ती धर्मपीठांविषयी लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु हे बंदर त्या इतिहासापासून तितकेसे दूर नाही. १५०८ च्या डिसेंबरअखेरीस फ्रांसिस्को द आल्मेइदाच्या आरमाराने दाभोळ जाळले. त्यानंतर सव्वीस वर्षांनी, १५३४ साली, गोव्याचा धर्मप्रांत स्थापन झाला. आरमार आणि चर्च या दोहोंच्या पाठीशी पोर्तुगालचा राजाच होता. पूर्वेकडील चर्चचा भार राजाने वाहावा आणि त्या बदल्यात बिशपांची नावे सुचवण्याचा हक्क त्याला असावा, अशी ही व्यवस्था. तिला पाद्रोआदो म्हणत. या व्यवस्थेच्या उतरत्या काळात गोव्यात जन्मलेला एक धर्मगुरू ऑर्थोडॉक्स बिशप झाला. त्याचे नाव मराठीच्या अभ्यासकांच्या कानावर क्वचितच येते. आम्ही दोघे वर्षानुवर्षे मराठी शिकवीत आलो. शिकवताना ज्या एका प्रश्नाशी आम्ही वारंवार येऊन थांबतो, त्याचे उत्तर शोधताना हा माणूस आम्हांला फार उपयोगी पडला. प्रश्न असा की, अधिकार माणसाला कोण देते?

आंतोनियो फ्रांसिस्को शावियेर आल्व्हारिस यांचा जन्म १८३६ चा, सालसेतमधील वेर्णे गावचा. ते कॅथलिक धर्मगुरू होते आणि पत्रकारही. ‘आ क्रूझ’, ‘आ व्हेर्दाद’, ‘ओ ब्रादो इंडियानो’ अशा पोर्तुगीज पत्रांतून त्यांनी सरकारवर आणि चर्चच्या कारभारावर टीका केली. सरकारचा रोष आणि वरिष्ठांची नाराजी दोन्ही त्यांनी ओढवून घेतली. तशात १८८६ साली पोर्तुगाल आणि पोपची गादी यांच्यात करार झाला. पोर्तुगीज मुलुखाबाहेरच्या कित्येक मंडळ्या गोव्याच्या अधिकारातून निघून रोमने नेमलेल्या मिशनरी बिशपांकडे गेल्या. कानडा किनाऱ्यावर आणि श्रीलंकेत, म्हणजे तेव्हाच्या सिलोनमध्ये, गोव्याशी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेल्या भाविकांना हे आपल्याला न विचारता केलेले वाटप वाटले. युरोपातल्या दोन सत्तांनी आपसांत हिशेब मिटवला आणि त्याची वजाबाकी इथल्या लोकांच्या खात्यावर मांडली, असेच त्याचे स्वरूप होते.

या असंतुष्टांना बिशप हवा होता. आल्व्हारिस मलबारकडे वळले. तिथल्या मलंकर सीरियन चर्चचे स्वतःचे घरही त्या वेळी शांत नव्हते. गादी कोणाची आणि मालमत्ता कोणाची, याचा दीर्घ खटला त्रावणकोरच्या न्यायालयात १८८९ मध्येच निकाली निघाला होता. त्याच वर्षी २८ जुलैला कोट्टायमच्या जुन्या सेमिनरीत, अँटिओकच्या पात्रिआर्कच्या संमतीने, मार दिओनिसियस पाचवे यांनी आल्व्हारिसना बिशपपदाची दीक्षा दिली. सोबत परुमलाचे मार ग्रेगोरियोस होते, ज्यांना या चर्चने पुढे १९४७ मध्ये संतपद दिले. नवे नाव मिळाले मार जूलियस आणि अधिकारक्षेत्र मिळाले गोवा, मलबार वगळून उरलेला हिंदुस्थान आणि सिलोन!

नकाशावर हा धर्मप्रांत प्रचंड होता. प्रत्यक्षात मात्र त्यात विखुरलेल्या, रुसलेल्या, पैशाने दुबळ्या अशा काही मंडळ्या होत्या. भव्य कॅथीड्रल नाही, उत्पन्न नाही, सरकारचा पाठिंबा तर नाहीच. रोमने त्यांना बहिष्कृत केले होते. गोव्यात पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्यांना अटक करून बिशपची वस्त्रे अंगावरून उतरवली. या प्रसंगाकडे आम्ही केवळ अपमान म्हणून पाहत नाही. ज्या सत्तेला त्या वस्त्रांत काहीच अर्थ दिसत नव्हता, तिने ती उतरवण्याचे कष्ट तरी का घ्यावेत? नाकारण्याच्या त्या कृतीतच एक धास्तावलेली कबुली आहे.

त्यांच्या कारकिर्दीचे मूल्यमापन भाबडेपणाने करू नये. १८९२ साली कोलंबोत त्यांनी अमेरिकेतून आलेल्या जोसेफ रने व्हिलात यांना बिशपपद दिले. व्हिलात यांच्या परंपरेतून पुढे पाश्चात्त्य देशांत स्वतंत्र, बहुधा मंडळीविना फिरणाऱ्या बिशपांची लांबच लांब साखळी निघाली. स्वतःला मान्यतेसाठी एवढे झगडावे लागले, त्याच माणसाने ती मान्यता दूरच्या, अल्पपरिचित माणसाच्या हाती सोपवावी, हा त्यांच्या आयुष्यातला विरोधाभास आहे. सिलोनमधली मंडळी काळाच्या ओघात विरली. गोव्यात मूठभर अनुयायी उरले. टिकली ती उडुपीजवळच्या ब्रह्मावरची कोकणी मंडळी. लॅटिन मिस्सा कायम ठेवून सीरियन परंपरेच्या छायेत राहण्याची मुभा तिला मिळाली होती. २०१० साली मलंकर ऑर्थोडॉक्स चर्चने ब्रह्मावरचा स्वतंत्र धर्मप्रांत केला.

मग बिशप या नात्याने त्यांनी केले काय? पणजीत त्यांनी गरिबांची, कुष्ठरोग्यांची सेवा केली. पटकीवरच्या उपचारांची माहिती छापून वाटली. दुष्काळात पोट भरावे म्हणून टॅपिओकाच्या लागवडीचा प्रचार केला. २३ सप्टेंबर १९२३ रोजी रायबंदरच्या रुग्णालयात त्यांचे निधन झाले. आज त्यांचे अवशेष रायबंदरच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये आहेत. ज्याच्यापाशी पीठ नव्हते त्याने रोग्याची खाट आणि कंदाचे शेत यांनाच आपला धर्मप्रांत मानले, असे आम्हांला वाटते.

इथे आमच्याच जिल्ह्यातल्या करजगावच्या नारायण वामन टिळकांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी १९१७ साली अमेरिकन मराठी मिशनची पगारी चाकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. एक कोकणपट्टीचा ब्राह्मण, एक गोव्याचा पाद्री. दोघांनाही परक्या कारभाराखालचा ख्रिस्त अपुरा वाटला. टिळकांनी पद टाकून वाट काढली, आल्व्हारिसनी दुसरीकडून पद आणून. पण टिळक आम्ही दर वर्षी वर्गात शिकवतो, आल्व्हारिस शिकवत नाही. कारण उघड आहे. टिळकांना मराठी होती आणि लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ होती. आल्व्हारिस पोर्तुगीजमध्ये लिहीत, त्यांचे लोक कोकणी बोलत, मिस्सा लॅटिन आणि दीक्षा सीरियन. चार भाषांच्या मध्ये उभ्या असलेल्या या माणसाला कोणत्याच एका साहित्याने आपला म्हटले नाही.

केरळात या चर्चच्या दोन गटांतला वाद ३ जुलै २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतरही धुमसत राहिला. न्यायालय किल्ल्या कोणाच्या हे ठरवू शकते, आणि ते ठरवावेही लागते. पण किल्ली मिळाल्याने मेंढपाळ होता येत नाही. आमच्या विद्यार्थ्यांपैकी कित्येक जण पुढे शाळांचे, ग्रंथालयांचे, लहानमोठ्या संस्थांचे प्रमुख होतील. बहुतेकांच्या वाट्याला भांडणे, रिकामी तिजोरी आणि रुसलेली माणसेच येतील. त्यांनी टिळकांच्या शेजारी आल्व्हारिसही वाचावेत, अशी आमची इच्छा आहे. त्यासाठी ते आधी कोणीतरी मराठीत सविस्तर लिहायला हवेत. ते काम आपल्या पेशातल्या लोकांचे आहे.