बंदरावरचे पांच तास

आम्ही घाटमाथ्यावरचे. लोणावळ्यास राहून आणि मावळांतल्या खेड्यापाड्यांच्या शाळांत छत्तीस वर्षें मुलें शिकवून आमचें आयुष्य गेलें. पाऊस, धुकें, आगगाडीची शिटी आणि चिक्कीचा वास यांपलीकडे आमचा फारसा प्रवास नाहीं. भूगोलाच्या तासास मात्र नकाशावर काठी फिरवून आम्हीं शेंकडों मुलांकडून भारताचीं बंदरें पाठ करून घेतलीं : कांडला, मुंबई, मार्मागोवा, मंगळूर, कोची. यांपैकीं मुंबईखेरीज एकहि बंदर गुरुजींनीं स्वतः पाहिलें नव्हतें. हें कोणा विद्यार्थ्यानें कधीं विचारलें नाहीं, आणि आम्हींहि आपण होऊन सांगितलें नाहीं.

वास्तविक घाट आणि बंदर यांचें नातें फार जुनें आहे. आमच्या घरापासून तीन-चार कोसांच्या आंत असलेल्या कार्ल्याच्या चैत्यगृहांत ज्या दात्यांचीं नांवें कोरलेलीं आहेत, त्यांत धेनुकाकट येथील यवन आहेत, सोपाऱ्याचा एक भिक्षु आहे आणि वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपालहि आहे. दोन हजार वर्षांपूर्वीं कोंकणच्या बंदरांत उतरलेला माल बोरघाटाच्या वाटेनें वर चढे, आणि त्या व्यापाराच्या पुण्याईवर हीं लेणीं उभीं राहिलीं. विद्यार्थ्यांस लेणीं दाखवितांना हें आम्ही नेहमीं सांगत असूं. परंतु सांगणें निराळें आणि जाणें निराळें.

गेल्या हिंवाळ्यांत आमच्या लग्नास चाळीस वर्षें पूर्ण झालीं. त्या निमित्तानें चिरंजीवांनीं आणि सूनबाईंनीं मुंबईहून निघणाऱ्या प्रवासी जहाजाचीं दोन तिकिटें आमच्या हातांत ठेवलीं. पूर्वीं समुद्र ओलांडला तर प्रायश्चित्त घ्यावें लागे. हल्लीं ओलांडला नाहीं तर सूनबाई रागावतात. तेव्हां आम्ही उभयतां निघालों.

जहाजाच्या थाटाचें वर्णन करून वाचकांचा वेळ घेत नाहीं. दोन रात्री आणि मधला एक दिवस पाण्यावर काढल्यावर सकाळीं कोची येणार होतें. आदल्या संध्याकाळीं सूचना मिळाली कीं, ज्यांना हवें त्यांनीं पैसे भरून जहाजातर्फे निघणाऱ्या बसनें शहर पाहावें. ज्यांना स्वतंत्र जावयाचें असेल त्यांनीं जावें. मात्र दुपारीं अडीचच्या आंत जहाजावर हजर झालें पाहिजे. जहाजातर्फे निघालेल्या बसला उशीर झाला तर तिची वाट पाहतात. स्वतः गेलेल्यांची पाहत नाहींत.

शिक्षकाच्या जातीला दुसऱ्यानें आखलेली सहल मानवत नाहीं. आम्हीं स्वतंत्र जाण्याचें ठरविलें आणि वहीच्या पानावर वेळापत्रक आंखलें. साडेनऊ ते पावणेअकरा, कोचीचा किल्लेभाग. अकरा ते बारा, मट्टांचेरीचा राजवाडा. बारा ते पाऊण, यहुद्यांच्या प्रार्थनामंदिराची गल्ली. आणि शेवटीं, वेळ उरल्यास, चेर्लाई येथील देऊळ.

हें देऊळ आमच्या सौभाग्यवतीच्या मागणीवरून पानावर आलें होतें. तिचें माहेर गोव्यांतलें, काणकोणचें. पोर्तुगीजांच्या जाचामुळें सोळाव्या शतकांत गोवा सोडून दक्षिणेस उतरलेल्या कोंकणी लोकांची मोठी वस्ती कोचीस आहे, आणि त्यांचें तिरुमलदेवाचें देऊळ तेथें आहे, असें तिच्या वडिलांनीं तिला लहानपणीं सांगितलेलें. सबंध प्रवासांत तिनें मागितलें तें एवढेंच, आणि तें आम्हीं 'वेळ उरल्यास' या सदरांत घातलें होतें.

सकाळीं जहाज विलिंग्डन बेटास लागलें. हें बेट देवानें केलेलें नव्हे. बंदर खोल करतांना उपसलेल्या गाळांतून माणसानें केलेलें आहे. कोचीच्या खाडीच्या तोंडाशीं पूर्वीं वाळूचा मोठा बांध होता. आंत विस्तीर्ण, शांत पाणी. पण बांधामुळें मोठीं जहाजें बाहेरच समुद्रांत थांबत. रॉबर्ट ब्रिस्टो नांवाचा इंजिनियर १९२० सालीं आला, त्यानें तो बांध कापविला, आणि १९२८ सालीं पहिली आगबोट आंतल्या बंदरांत शिरली. बोरघाट फोडून १८६३ सालीं आगगाडी वर आणणाऱ्यांच्या गांवचे आम्ही. हें वाचून आम्हांस त्या इंजिनियराविषयीं बंधुभाव वाटला.

बंदराच्या फाटकाबाहेर रिक्षावाले उभे होतेच. भाडें आधीं ठरवून घेतलें आणि परत यावयाची वेळ कागदावर मोठ्या आंकड्यांत लिहून त्याच्या हातांत दिली. जहाजाचें कार्ड आणि ओळखपत्र दोघांजवळ वेगवेगळें ठेवलें. आमच्या संस्कृताचाहि उपयोग झाला. 'देऊळ' म्हटलें तें रिक्षावाल्यास कळेना. पण 'क्षेत्रम्' म्हणतांच त्याची मुद्रा उजळली, कारण मल्याळम् भाषेंत देवळास तोच शब्द आहे. आम्हीं सौभाग्यवतीकडे विजयी मुद्रेनें पाहिलें. ती हंसली. तिनें आमच्या संस्कृताचें कौतुक चाळीस वर्षें केलें आहे.

किल्लेभागांत प्रथम सेंट फ्रान्सिस चर्च पाहिलें. वास्को द गामा १५२४ सालीं कोचीसच वारला आणि याच ठिकाणीं पुरला गेला. पुढें १५३९ सालीं त्याच्या अस्थि पोर्तुगालांत नेल्या. येथें थडग्याची शिळा तेवढी राहिली. आम्ही त्या शिळेपाशीं उभे राहून १४९८ पासूनच्या सनावळ्या सांगूं लागलों. सौभाग्यवतीनें शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, "अहो, याच्यामागून आले त्यांनींच ना आमच्या लोकांना गोंय सोडायला लावलें?"

१५१० सालीं पोर्तुगीजांनीं गोवा घेतला आणि १५६० सालीं तेथें धर्मन्यायासन बसलें, या तारखा आम्हांस पाठ होत्या. 'आमच्या लोकांना' हा शब्द मात्र आमच्या सनावळींत नव्हता. आम्हीं "होय" म्हटलें आणि बाहेर पडलों.

समुद्रकांठीं चिनी जाळीं पाहिलीं. लांकडाच्या उंच दांड्यांवर ताणलेलें भलें मोठें जाळें पाण्यांत उतरतें, आणि दुसऱ्या टोंकास दोरांनीं टांगलेल्या दगडांच्या वजनानें चार-पांच माणसें तें वर उचलतात. तरफेचा इतका सुंदर धडा आम्हीं फळ्यावर कधीं काढला नव्हता. आम्ही त्यांत रमलों असतां रिक्षावाल्यानें मोडक्या हिंदींत सांगितलें कीं, क्षेत्रम् बाराच्या आंत बंद होतें, तें मग संध्याकाळींच उघडतें.

पावणेअकरा वाजले होते. राजवाडा कीं देऊळ, दोहोंपैकीं एकच साधणार होतें. तो राजवाडा पोर्तुगीजांनीं १५५५ च्या सुमारास बांधून कोचीच्या राजास नजर केलेला, आणि डचांनीं पुढें दुरुस्त केलेला. त्याच्या भिंतींवर रामायणांतील प्रसंग रंगविलेले आहेत. ते पाहावयाचे म्हणून आम्ही आठ दिवस आधींपासून मनांत तयारी करीत होतों. आमची चलबिचल सौभाग्यवतीनें ओळखली. ती म्हणाली, "जाऊं या राजवाड्यांत. देऊळ काय, बाहेरूनहि दिसेल."

तें 'बाहेरूनहि' आम्हांस कोठें तरी लागलें. आम्हीं वहीच्या पानावरील राजवाड्यावर रेघ मारली. पण खरें सांगावयाचें तर ती मन मोठें करून मारलेली रेघ नव्हती. "अर्ध्या तासांत आटोपूं" असें आम्ही वर म्हणालोंच.

देवळांत सदरा काढून जावें लागतें. उपरणें पांघरून आम्हीं दर्शन घेतलें. बाहेर आल्यावर सदरा हातांत घेऊन घड्याळाकडे पाहत असतां मागून एका म्हाताऱ्या बाईची हांक ऐकूं आली. आपल्या पळणाऱ्या नातीस ती बोलावीत होती, "हांगा यो गो!"

सौभाग्यवती जागच्या जागीं थांबली. मग वळली, त्या बाईजवळ गेली आणि बोलूं लागली.

वाचकहो, चाळीस वर्षें जिच्याशीं संसार केला तिचा आवाज आम्हीं त्या दिवशीं प्रथम ऐकला. घरांत ती हळू आणि मोजकें बोलते. तो तिचा स्वभावच, असें आम्ही समजत होतों. तेथें ती भरभर बोलत होती, मध्येंच हंसत होती, त्या बाईचें वाक्य तिनें आणि हिचें त्या बाईनें पुरें करावें असें चाललें होतें. शब्द तिकडचे थोडे निराळे, हेल निराळा. पण दोघींचें कोठें अडत नव्हतें. आम्हांस तिसरा हिस्सा कळला असेल. सदरा हातांत घेतलेला एक परका गृहस्थ, एवढीच तेथें आमची योग्यता होती.

आणि मग फार जुनी गोष्ट आठवली. थोरला मुलगा बोलूं लागण्याच्या वयाचा होता. ती त्याला मांडीवर घेऊन कोंकणींत कांहीं सांगत होती. आम्ही शाळेंतून आलों आणि म्हणालों, "घरांत शुद्ध मराठी बोलत जा. कोंकणी ही बोली. मुलाच्या उच्चारांवर परिणाम होतो." ती कांहीं बोलली नाहीं. दुसऱ्या दिवसापासून घरांत कोंकणी शब्द उमटला नाहीं, आणि इतक्या सहज गोष्ट ऐकली गेली याचा त्या वेळीं आम्हांस संतोष वाटला होता. पुढें १९७५ सालचा साहित्य अकादमीचा निर्णय आमच्या वाचनांत आला. त्यानें कोंकणीस स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिलेली होती. १९९२ सालीं ती घटनेच्या आठव्या परिशिष्टांत आली. या दोन्ही गोष्टी सामान्य ज्ञान म्हणून आम्हीं मुलांस सांगितल्या. पण आमच्या घराचा नियम बदलावा, हें कांहीं आम्हांस सुचलें नाहीं.

त्या बाईंनीं आम्हांस जवळच असलेल्या आपल्या घरीं नेलें. ओसरीवर त्यांचे यजमान बसले होते. शांत, वाचनप्रिय गृहस्थ. बायका आंत गेल्या. आम्हीं सहज विचारलें कीं, कोंकणींत लिहिण्याची जुनी परंपरा नसावी. ते रागावले नाहींत. त्यांनीं सांगितलें तें असें : कोचीचा डच अधिपति व्हान रीड यानें मलबारांतील वनस्पतींवर 'होर्तुस मलबारिकुस' हा बारा खंडांचा ग्रंथ तयार करविला. त्याचा पहिला खंड १६७८ सालीं अँमस्टरडॅम येथें छापला गेला. त्या कामीं साह्य करणाऱ्यांत इट्टी अच्युतन् हे मलयाळी वैद्य होते, आणि रंगभट, विनायक पंडित व अप्पुभट हे तीन कोंकणी ब्राह्मणहि होते. त्या तिघांनीं १६७५ सालीं लिहून दिलेला दाखला नागरी लिपींत, कोंकणी भाषेंत, त्या ग्रंथांत छापलेला आहे.

मराठीचें व्याकरण विल्यम केरीनें श्रीरामपुरास १८०५ सालीं छापलें, हें आम्ही अभिमानानें शिकवीत आलों. वजाबाकी मनांत झाली : एकशेंसत्तावीस वर्षें. आम्ही कांहीं बोललों नाहीं.

सबंध सकाळ घड्याळ पाहणारे आम्ही घड्याळ विसरलों, आणि सौभाग्यवतीच आंतून धांवत आली : "अहो, जहाज!" एक वाजून चाळीस मिनिटें झालीं होतीं. पुलावर वाहनांची रांग लागलेली. रिक्षावाला कागदावरचा आंकडा दाखवून पुढच्यांना कांहीं सांगे, हात जोडी, वाट काढी. फाटकांतून आंत शिरलों तेव्हां अडीचला बारा मिनिटें कमी होतीं. ठरलेल्याहून पन्नास रुपये अधिक दिले; ते त्यानें मोठ्या नाखुषीनें घेतले.

संध्याकाळीं जहाज खाडीच्या तोंडांतून बाहेर पडलें. कठड्याशीं उभे असतां आम्हीं विचारलें, "निघतांना ती बाई तुला काय म्हणाली?"

"म्हणाली, इतकीं वर्षें त्या मुलखांत राहून भाषा कशी ठेवलीस?"

"मग तूं काय सांगितलेंस?"

थोडा वेळ ती पाण्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "सांगितलें, स्वयंपाक करतांना मनांतल्या मनांत बोलत होतें."

जेथून आम्ही नुकतेच बाहेर आलों होतों, तेथेंच तो वाळूचा बांध होता. आंत एवढें पाणी, आणि बाहेर उभीं जहाजें. तो बांध कोणी घातलेला नव्हता. आमच्या घरांतला मात्र आम्हीं स्वतः घातलेला होता. आम्ही म्हणालों, "आमची चूक झाली." ती म्हणाली, "आतां थंडी वाजते, आंत जाऊं या." पण कोंकणींत म्हणाली.

स्वतंत्र फिरण्यांत काय मिळालें, असें चिरंजीवांनीं घरीं आल्यावर विचारलें. बसनें गेलेल्यांनीं राजवाडा पाहिला, गल्ली पाहिली, वेलदोडे घेतले आणि वेळेवर परत आले. आमच्या वेळापत्रकांतल्या चारांपैकीं दोनच ठिकाणें पार पडलीं. तरी कोणास असा योग आला तर आमचा सल्ला असा कीं, एक तास हातचा ठेवावा, परतीची वेळ लिहून द्यावी, आणि बरोबरच्या माणसानें मागितलेलें ठिकाण यादींत पहिलें घालावें. वेळ उरला तर आपलें पाहावें.

हल्लीं आमच्या घरीं रात्रीं नातीला आजी कोंकणींत गोष्ट सांगते. आम्हीहि जवळ बसून नवीन शब्द वहींत टिपतों. परवां आम्ही म्हणालों, "आतां एक गोष्ट होऊं दे." तेव्हां नातीनें आमची चूक काढली : "आजोबा, गोष्ट नाहीं. काणी म्हणा."