शिळा पाव

नोव्हेंबरचा चौथा गुरुवार, थँक्सगिव्हिंग. ओहायोतल्या भाड्याच्या घरात आम्ही चौघी. माझ्या वाट्याला स्टफिंग आलं. खरं तर हे टर्कीच्या पोटात भरायचं सारण, पण आम्ही वेगळ्या भांड्यात भाजणार होतो. मी लुसलुशीत ताजा पाव आणला. रूममेट हसली. "ताज्याचा लगदा होतो गं. शिळा हवा."

मग तुकडे मंद ओव्हनमध्ये तासभर वाळवले. लोण्यात कांदा, सेलरी, सेजची पानं परतली. वरून गरम स्टॉक, फेटलेलं अंडं. वाळलेला पाव सगळं पीत गेला, पण मोडला नाही.

आई शिळ्या पोळ्या कुस्करून फोडणीला टाकायची. "डब्यात हे देऊ नकोस," मी म्हणायचे. ती गेली तेव्हा कागदपत्रं अडकली होती. मला जाता आलं नाही.

वरचा थर खरपूस झाला. "तुमच्याकडे असं काही करतात?" रूममेटनं विचारलं.

"करतात. फोडणीची पोळी." मी सांगत गेले. मोहरी, हिंग, हळद, कांदा, दाणे, शेवटी थोडी साखर.

"थोडी म्हणजे किती?"

आठवेना. आईला कधी विचारलंच नव्हतं.