पेओरियाहून एम्सकडे

इलिनॉय नदीकाठच्या पेओरिया शहरातील मद्यमक्तेदारांनी 1890 मध्ये आपल्या संघाचे नाव ‘डिस्टिलिंग अँड कॅटल फीडिंग कंपनी’ असे ठेवले होते. दारू गाळणे आणि गुरे पोसणे हे दोन्ही व्यवहार एकाच दप्तरात रुजू असण्याचे कारण उघड होते: भट्टीतून उरणारा धान्याचा चोथा लगतच्या गोठ्यांतील गव्हाणींत रिचविला जात असे. त्यांच्याच निमंत्रणावरून आलेल्या जोकिची ताकामिने या जपानी रसायनज्ञाने गव्हाच्या कोंड्यावर कोजीची बुरशी वाढवून पिष्टाची साखर करण्याचे माल्टचे काम तिच्याकडून करून घेण्याची तजवीज केली आणि माल्टवाल्यांचा रोष ओढवून घेतला. त्याचा कारखाना आगीत भस्मसात झाला, तरी त्या बुरशीच्या पाचक द्रव्याचे एकस्व त्याने 1894 मध्ये मिळविलेच. पेओरियातील सरकारी प्रयोगशाळेच्या बुरशीसंग्रहात जावा बेटातील टेंपे या आंबवलेल्या सोयाबीनच्या खाद्याची बुरशी ऱ्हायझोपस ओलिगोस्पोरस 2710 या क्रमांकाने नोंदलेली आहे.

मिसिसिपी ओलांडून आम्ही आयोवाच्या मुलखात शिरलो, तेव्हा कापणी उरकलेली होती आणि दृष्टी पोहोचेल तेथवर मक्याची धसकटे पसरली होती. या मक्याचा मोठा भाग इथेनॉलच्या कारखान्यांत जातो. ढोबळमानाने तिसरा हिस्सा मद्यार्क होतो, तिसरा वायुरूपाने उडून जातो, आणि उरलेला चोथा म्हणून पदरी पडतो. रवंथ करणाऱ्या गायीला तो चालतो. डुकरे व कोंबड्या यांना मात्र त्यातील तंतू पचत नाहीत आणि लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल अपुरे पडते. शिवाय मूळ दाण्यात अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष असेल, तर ते चोथ्यात सुमारे तिपटीने साठते. तेव्हा सगळ्याच बुरशांना सरसकट आश्रय देण्यात शहाणपण नाही.

एम्सच्या विद्यापीठात प्राध्यापक फान लेउवेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी टेंपेच्या बुरशीला चोथ्याबरोबर निघणाऱ्या पातळ, गढूळ पाण्याशी जुंपले. साखर कारखान्यालगतच्या आसवनीचा दर्प ज्याने आमच्याकडे नाकाने भोगला आहे, त्याला अशा सांडपाण्याची महती निराळी सांगायला नको! हे पाणी एरवी इंधन जाळून आटवावे लागते. उंच पात्रात तळातून हवा सोडली की बुरशीचे तंतू पाण्यातील कण व विरघळलेली द्रव्ये खाऊन वाढतात, त्यांचे मऊ गोळे बनतात, आणि ते साध्या चाळणीने उपसता येतात. खाली उरलेले निवळ पाणी पुन्हा कारखान्यात वापरता येते, आणि वाळविलेले गोळे लायसिनयुक्त आंबोण ठरतात. मला यातील चाळणी विशेष आवडली. सूक्ष्मजीवशास्त्राचे अर्धे कष्ट जीव पाण्यातून वेगळा काढण्यातच खर्ची पडतात.

परंतु युक्ती उत्तम असणे आणि ती बाजारात टिकणे यांत अंतर आहे. दक्षिणेकडे जाताना एडीव्हिल गावी अजिनोमोतोचा कारखाना लागला. तेथे मक्याच्याच शर्करेवर जिवाणू पोसून शुद्ध लायसिन काढत होते. आयोवातील डुक्करपाळ चोथ्याच्या जोडीला असे लायसिन विकत घेऊन आपला हिशेब जुळवतो, आणि बुरशीच्या गोळ्यांना स्पर्धा करायची आहे ती या लायसिनच्या भावाशी.