घरात किती माणसं?

मंडळी, तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी आम्ही या हिवाळ्यात येऊन गेलो. ओले बूट दाराशी काढले, चिवडा खाल्ला आणि तुमच्या हातात एक फॉर्म दिला. त्या फॉर्मची ही हकीकत.

झालं असं, की दिवाळीनंतरच्या पहिल्याच वर्गात बाईंनी जाहीर केलं, की मोठ्या वर्गाने या वेळी 'माझा आवडता प्राणी' आणि 'मी पाहिलेला सूर्योदय' लिहायचं नाही. "करोना येऊन पाच वर्षं होत आली. तुम्ही तेव्हा सेकंड-थर्ड ग्रेडमध्ये होता. रेडमंडमधल्या आपल्या माणसांचं तेव्हा काय झालं ते विचारून या आणि लिहा." आम्ही म्हटलं, आम्हाला आठवतंय की! मग आठवायला बसलो, तर पाच मिनिटांत संपलं. शाळा बंद झाली म्हणून आम्ही नाचलो होतो. लॅपटॉपवर वर्ग भरायचा आणि कोणाचा तरी माइक कायम उघडा असायचा. बाबांनी घरी केस कापले होते, त्याचे फोटो आमच्यातल्या तिघांकडे आहेत आणि ते छापायला आमची सक्त मनाई आहे. गणपतीत सगळी घरं स्क्रीनवर एकत्र आली, आरती सुरू झाली, तर प्रत्येक घराचा ताल वेगळा. शेवटी बाईंनी सगळ्यांचे आवाज बंद केले आणि एकट्याच म्हणत राहिल्या.

तारखा आम्ही शोधून काढल्या. २९ फेब्रुवारी २०२० ला कर्कलँडच्या रुग्णालयातला एक मृत्यू जाहीर झाला. करोनाने अमेरिकेत झालेला पहिला मृत्यू, असं तेव्हा सगळ्यांना वाटलं. कर्कलँड म्हणजे आपल्या शेजारचंच गाव. मार्चच्या पहिल्या आठवड्यात मायक्रोसॉफ्टने लोकांना घरून काम करायला सांगितलं. १२ मार्चला गव्हर्नर इन्स्ली यांनी किंग, स्नोहोमिश आणि पिअर्स काउंटीतल्या शाळा बंद करायचा हुकूम काढला आणि २३ मार्चला सगळ्यांनी घरातच राहायचा. दोन दिवसांनी गुढीपाडवा होता. त्याच दिवशी, २५ मार्चला, भारतात टाळेबंदी सुरू झाली. तिकडची आंतरराष्ट्रीय विमानं त्याच्या आधीच थांबली होती.

आता विचारायचं काय? आमच्यातल्या एकाच्या आईने सांगितलं, की असा सर्व्हे अमेरिकेच्या सरकारने केलेला आहे, तो आधी बघा. जनगणना करणारं सेन्सस ब्यूरो नावाचं खातं आहे. त्यांनी २३ एप्रिल २०२० ला 'हाउसहोल्ड पल्स सर्व्हे' सुरू केला. पल्स म्हणजे नाडी. दारावर माणूस पाठवणं त्या दिवसांत शक्यच नव्हतं, म्हणून ईमेलने किंवा फोनवर निरोप यायचा आणि लोकांनी आपला आपण फॉर्म भरायचा. १३ मार्चनंतर घरातल्या कोणाची कमाई बुडाली का? गेल्या सात दिवसांत खायला पुरेसं होतं का? गेल्या महिन्याचं भाडं किंवा घराचा हप्ता वेळेवर गेला का? मुलांना अभ्यासाला कॉम्प्युटर मिळतो का? मन अस्वस्थ असतं का? सुरुवातीला दर आठवड्याला हे विचारत होते. देशातल्या पंधरा मोठ्या शहरी भागांचे आकडे वेगळे काढायचे आणि त्यात सिअ‍ॅटलचा भाग होता, म्हणजे त्यात आपणही आलो. शंभर जणांना निरोप गेला तर बहुतेक वेळा दहा जणही भरत नसत. तरी सगळं बंद असताना, उपाशी कोण झोपतंय हे महिनोन् महिने वाट न बघता कळणं ही काही लहान गोष्ट नव्हे. आम्हाला तो सर्व्हे आवडला आणि आम्ही त्यातले प्रश्न सरळ मराठीत करायला घेतले.

पहिल्याच प्रश्नावर आमचं घोडं अडलं. 'तुमच्या हाउसहोल्डमध्ये एकूण किती माणसं राहतात?' हाउसहोल्डला मराठीत काय म्हणायचं? एकजण म्हणाला 'घर'. पण घर म्हणजे भिंतीसुद्धा. दुसरी म्हणाली 'कुटुंब'. त्यावर बाई म्हणाल्या, जुन्या मराठीत नुसत्या बायकोलासुद्धा कुटुंब म्हणायचे. आम्ही पोट धरून हसलो. आमच्यातल्या एकीचे आजोबा पुण्याहून आले आहेत. ते म्हणाले, "बिऱ्हाड म्हणा, बिऱ्हाड. एका चुलीवर जेवतात ते बिऱ्हाड." हा शब्द आम्ही पहिल्यांदाच ऐकला. पण फॉर्मवर लिहिला असता तर इथल्या निम्म्या आईबाबांना बाईंना फोन करावा लागला असता. शेवटी लिहिलं, 'घरात किती माणसं?' आणि पुढे एक छोटा चौकोन काढला, आकडा लिहिण्यापुरता. हा चौकोन लक्षात ठेवा.

पहिल्या आठवड्यात आम्ही आठ घरं केली. एका काकांनी दारातच फॉर्म परत दिला. "आमच्या घरातली माहिती कशाला हवी तुम्हाला?" आम्ही म्हटलं, नाव लिहायचं नाही. तरी नको म्हणाले. आम्हाला राग आला होता, पण आजोबांनी उलट आमचीच शिकवणी घेतली. १८९७ साली पुण्यात प्लेग आला होता. रँड नावाचा अधिकारी प्लेगच्या कामावर नेमला होता आणि त्याच्या हाताखालचे गोरे सोल्जर रोगी शोधायला घराघरांत शिरायचे, देवघरात आणि स्वयंपाकघरातसुद्धा. लोक इतके संतापले, की २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. "तेव्हा दारावर येऊन आजाराबद्दल विचारणाऱ्याला लोक घाबरतात," आजोबा म्हणाले. आम्ही तर बूट काढून गेलो होतो. पण समजलं. त्या काकांना आम्ही नंतर चिठ्ठी टाकली, की काही हरकत नाही.

बाकीच्या सात घरांचे फॉर्म वाचले, तर सगळं छान! कमाई बुडाली का? नाही. खायला होतं का? हो. हप्ता गेला का? हो. कॉम्प्युटर होता का? एका काकांनी लिहिलं, 'पाच'. मन अस्वस्थ? 'कधी कधी'. एकाच काकूंचं वेगळं होतं. त्या घरी पाळणाघर चालवायच्या. मार्चमध्ये एका आठवड्यात सगळी मुलं येईनाशी झाली. मग त्यांनी पोळ्या करून द्यायला सुरुवात केली, पिशवी दाराबाहेर ठेवायची आणि आत जायचं. त्या एवढंच म्हणाल्या, की सगळेच काही मायक्रोसॉफ्टात नसतात, हे तुमच्या लेखात जरूर लिहा. लिहिलं आहे.

तरी बाईंना काय दाखवायचं हा प्रश्न होताच. रेडमंडच्या मराठी माणसांना पाच कॉम्प्युटर होते आणि ती कधी कधी अस्वस्थ होती?

नवव्या घरी ते झालं. काकूंनी फॉर्म भरला, चहा दिला, आम्ही दाराशी बूट घालत होतो. एकाच्या बुटाची नाडी सुटत नव्हती म्हणून पाच मिनिटं जास्त गेली. काकू दार धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, "तुमच्या फॉर्ममध्ये माझे बाबा कुठे येतात रे?"

त्यांना विचारूनच हे लिहितो आहोत. त्यांचे वडील सोलापूरला होते. एप्रिल २०२१, म्हणजे तिकडे दुसरी लाट. बेड मिळाला, मग ऑक्सिजन मिळेना, मग मिळाला, मग उपयोग झाला नाही. उन्हाळ्याच्या घड्याळाप्रमाणे आपल्यात आणि भारतात साडेबारा तासांचा फरक असतो. तिकडे दुपारचे तीन, इथे रात्रीचे अडीच. भावाने फोन धरला होता आणि काकूंनी स्वयंपाकघरात उभं राहून छोट्या पडद्यावर शेवटचं दर्शन घेतलं. मुलं वर झोपली होती. सकाळी आठला ऑफिसची मीटिंग होती, ती त्यांनी कॅमेरा बंद ठेवून केली. आम्ही विचारलं, रजा का नाही घेतली? त्या म्हणाल्या, "रजा घेऊन करणार काय? जायचं कुठे होतं?"

रस्त्यावर येऊन आम्ही त्यांचा फॉर्म बघितला. घरात किती माणसं? चौकोनात लिहिलं होतं, चार. कमाई बुडाली नाही. खायला होतं. मन अस्वस्थ, 'कधी कधी'.

ही गोष्ट ऐकून आमच्यातल्या एकाने नाशिकच्या आजीला फोन लावला. तिकडे १५ सप्टेंबर २०२० पासून महाराष्ट्र सरकारची 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली होती. आशाताई घरोघरी जाऊन ताप आणि बोटाला यंत्र लावून ऑक्सिजन मोजायच्या. आजीकडेही एक मुलगी आली होती. तिने विचारलं, "आजी, घरात कोण कोण?" आजी म्हणाली, "आम्ही दोघं. आणि चौघं तिकडे अमेरिकेत." ती मुलगी हसली आणि तिने दोन लिहिलं. बरोबरच आहे, तिला ज्यांचा ताप मोजायचा होता ती माणसं दोनच होती.

म्हणजे इकडच्या फॉर्ममध्ये आजी नाही आणि तिकडच्या फॉर्ममध्ये आम्ही नाही. दोन्ही फॉर्म आपापल्या जागी बरोबर, आणि मधली माणसं कुठेच नाहीत. २०२० च्या जनगणनेत रेडमंडमध्ये ७३,२५६ माणसं मोजली गेली. त्यांतली शंभरातली चाळिसांहून जास्त दुसऱ्या देशात जन्मलेली. त्यांतल्या कितीतरी जणांचं कोणीतरी समुद्रापलीकडे असणार. एखाद्या गावावर साथीचा काय परिणाम झाला हे बघायचं तर अशा गावात त्या चौकोनात आकडा मावत नाही, असं आमचं मत झालं. (बाई म्हणाल्या, मत आहे तर लिहा, घाबरू नका.)

आम्ही नवा फॉर्म केला. चार प्रश्न काढून टाकले आणि एक घातला: 'त्या काळात तुमचं कोण दूर होतं?' खाली अर्धं पान कोरं. आधीच्या घरांनाही परत गेलो. मग मात्र लोकांना अर्धं पान पुरेना. मागच्या बाजूला लिहिलं, समासात लिहिलं, एका काकांनी तर पाकिटावर लिहिलं. कोणाची आई एकटी होती आणि किराणा आणायला शेजारचा मुलगा जात होता, त्याचं नाव काकांना अजून पाठ आहे. कोणी सहा महिन्यांसाठी आलेले सासू-सासरे इथेच अडकले आणि त्यांची औषधं संपली. १३ मार्च २०२० पासून ओसीआय कार्डवर बिनव्हिसा भारतात जाण्याची सोय काही काळ थांबवली होती, म्हणजे खिशात कार्ड असून उपयोग नाही. ज्यांच्याकडे एचवन व्हिसा, त्यांना उलटी भीती. जायला मिळालं तरी परत येता येईल का? मुलं इथे, नोकरी इथे. जून २०२० मध्ये नव्या एचवनवाल्यांना येण्याची बंदी झाली, मे २०२१ मध्ये भारतातून येणाऱ्या बऱ्याच जणांना. एका फॉर्मवर फक्त एक ओळ आहे: 'तिकीट तीनदा काढलं, तीनदा रद्द केलं.'

सगळंच दुःखाचं होतं असं नाही. दोन घरांनी लिहिलं, की ते त्यांचं सगळ्यात चांगलं वर्ष होतं. बाबा रोज जेवायला घरी, संध्याकाळी सगळे मिळून मेरीमूर पार्कच्या बाजूला चालायला. एका काकूंनी तिकडच्या आईकडून रोज सकाळी फोनवर एकेक पदार्थ लिहून घेतला, त्याची वही आम्हाला दाखवली. पुरणपोळीच्या पानावर हळदीचा डाग आहे. हेही आम्ही मोजलं आहे.

शेवटचं राहिलं. एवढी घरं फिरलो, पण आमच्या स्वतःच्या घरी फॉर्म दिलाच नव्हता. आम्हाला वाटलं, आम्ही तिथेच तर होतो, आम्हाला माहीत आहे. आमच्यातल्या एकाला तेव्हाचं आठवत होतं, की बाबा रात्री गॅरेजमध्ये गाडीभोवती फेऱ्या मारत फोनवर बोलायचे. ऑफिसचं काम असेल म्हणून तो झोपून जायचा. त्याने फॉर्म बाबांना दिला. बाबांनी तो दोन दिवस फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवला. तिसऱ्या दिवशी भरून दिला. कोण दूर होतं, यापुढे आत्याचं नाव होतं. आत्या तेव्हा एकवीस दिवस दवाखान्यात होती आणि रोज रात्री बाबा तिच्याशी बोलत होते, तिला बोलता येत नव्हतं तेव्हासुद्धा. आत्या आता बरी आहे, दर वर्षी राखी पाठवते. हे आपल्याला का नाही सांगितलं, असं त्याने विचारलं. बाबा म्हणाले, "तू आठ वर्षांचा होतास." मग थोड्या वेळाने म्हणाले, "आणि तू विचारलंही नाहीस." पहिल्या चौकोनात त्यांनी आधी तीन लिहून खोडलं होतं आणि बाजूला जागा नव्हती म्हणून तिरकं लिहिलं होतं, अकरा.

ज्यांचे फॉर्म अजून यायचे आहेत त्यांनी ते पुढच्या रविवारपर्यंत दाराजवळच्या बुटाच्या खोक्यात टाकावेत. नाव घालू नये. जागा कमी पडली तर आणखी कागद जोडावा, स्टेपलर तिथेच ठेवला आहे.

– मोठा वर्ग