शेरा

लेव्हलच्या वहीत खोडरबर चालत नाही. आकडा चुकला तर त्यावर एक आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता येईल अशी. वर बरोबर आकडा लिहायचा आणि शेजारी सही करायची. कॉलेजात हे सगळ्यांना सांगतात आणि कॉलेजात सगळेच खोडतात. मला हा नियम लागला तो १९९४ च्या डिसेंबरात, शास्त्री नदीच्या खाडीवर, मॅडमच्या हाताखाली.

पुलाचं सर्वेक्षण होतं. तेव्हा कोकण रेल्वेचे बोगदे खणले जात होते, त्यामुळे बरे खलाशी आणि बरी यंत्रं दोन्ही रेल्वेनं ओढून नेली होती. (खलाशी म्हणजे बोटीवरचे नव्हेत. सर्व्हेत स्टाफ, म्हणजे आकडे आखलेली उभी पट्टी, धरणाऱ्या, साखळी ओढणाऱ्या माणसालाही खलाशीच म्हणतात.) आमच्या वाट्याला एक ऑटो लेव्हल आली आणि एक जुनं डम्पी. ऑटो लेव्हल अर्थातच मॅडमकडे, डम्पी माझ्याकडे. या जुन्या डम्पीच्या दुर्बिणीतून जग उलटं दिसतं. आभाळ खाली, चिखल वर, आणि माणसं वटवाघळांसारखी लोंबकळलेली. आठवड्यात सवय होते. मग सरळ जगच जरा चुकल्यासारखं वाटतं.

मी २३ वर्षांचा होतो. मॅडम माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठ्या. मराठीत माणसाचं काय झालंय ते आधी सर्वनामात कळतं. ऑफिसात मी त्यांना ‘त्या’ म्हणत असे, सगळेच म्हणत. मनात मात्र ‘ती’ कधी सुरू झालं ते कळलंच नाही. एकदा हजेरीच्या टेबलापाशी तोंडातून निघून गेलं, “ती म्हणाली, उद्या सहाला निघायचंय.” हेडक्लार्कनी मान वर केली, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि परत मस्टरात घातली. बोलले काही नाहीत. त्यानंतर मी या बाबतीत इतका सावध झालो की आज इतक्या वर्षांनी लिहितानाही ‘त्या’च लिहितोय.

काय आवडलं होतं? दिसणं म्हणावं तर डोक्यावर टोपी, नाकापर्यंत रुमाल, पायात चिखलानं जड झालेले कॅनव्हासचे बूट. दिसायला फारसं काही शिल्लकच राहत नसे. सकाळी सगळे चहाच्या टपरीकडे वळत तेव्हा त्या दोन खुंट्या ठोकून यंत्राची दृष्टिरेषा सरळ आहे का ते तपासत. रोज. “काल बरोबर होतं ना,” असं मी एकदा म्हणालो. त्या म्हणाल्या, “काल जीपमधून आलं ते. तू आला असतास डिकीतून, तर सरळ राहिला असतास का?”

आकडेमोडीतही तसंच. लेव्हलिंगची वही दोन पद्धतींनी सोडवतात. यंत्राच्या उंचीवरून केलं की झटपट होतं, आम्ही सगळे तसंच करायचो. मॅडम चढ-उताराची पद्धत वापरत. प्रत्येक रीडिंग मागच्या रीडिंगशी ताडून पाहायचं, किती चढलं, किती उतरलं. वेळ जवळजवळ दुप्पट. मी कारण विचारलं. “तुमच्या त्या पद्धतीत पहिला आणि शेवटचा आकडा जुळला की लोक खूश. मधल्या आकड्यांना कुणी वालीच नाही.” लेव्हलिंगमध्ये मधल्या रीडिंगला इंटरमीडिएट साइट म्हणतात. त्यावर यंत्र फिरत नाही, पुढचं काही उभं राहत नाही. जाता जाता घ्यायचं आणि पुढं जायचं. त्या रात्री रेस्ट हाउसच्या खाटेवर पडून मी बराच वेळ या वाक्याचा विचार केला, आणि मधल्या आकड्यांची कणव असलेल्या या बाईचा. आपण त्यांच्या दिवसातला नेमका कोणता आकडा आहोत, हे मात्र मनात आलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत त्या गोष्टी सांगत. एकदा लॅम्टनची सांगितली. १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा मोजून त्यानं हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला सुरुवात केली. त्याचं थिओडोलाइट अर्धा टन वजनाचं. १८०८ मध्ये तंजावरला, आपल्याच भोसल्यांच्या तंजावरला, ते मोठ्या देवळावर चढवताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळलं. वर्तुळाचा आकारच बिघडला. दुसरा कुणी डोक्याला हात लावून बसला असता. लॅम्टन तंबूत शिरला, मुख्य कारागिरांखेरीज कुणाला आत येऊ दिलं नाही, आणि कित्येक आठवडे खपून चेपलेलं वर्तुळ ठोकून, ओढून पुन्हा गोल केलं. “असा माणूस पाहिजे,” मॅडम डब्याचं झाकण लावत म्हणाल्या. पावणेदोनशे वर्षांपूर्वी मेलेल्या इंग्रजाचा मत्सर करणारा मी बहुधा जिल्ह्यातला एकटाच इंजिनिअर असेन.

डब्याचंही सांगितलं पाहिजे. त्या कुळथाची पिठी आणि भात आणत आणि मला न विचारता वाढत. ती वाटी मी पुरावा म्हणून धरून ठेवली होती. चौथ्या-पाचव्या दिवशी लक्षात आलं, खलाशांनाही वाटी असे. होडीवाल्यालाही असे. माझ्या वाटीत थोडी जास्त असते, असं मी त्यानंतरही दोन दिवस मानत होतो.

खाडी त्या जागी तीनशे मीटर रुंद. एवढ्या पाण्यापलीकडे पातळी न्यायची तर एका काठावरून पाहून भागत नाही. पृथ्वी वाकडी आहे. अंतर किलोमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, ०.०६७३ नं गुणा, म्हणजे तितके मीटर चूक. हवेतून किरण वाकतो त्याचा हिशेब त्यातच आला. तीनशे मीटरला होतात ६ मिलिमीटर. वर यंत्राची स्वतःची खोट. या चुकीची गंमत अशी, की पलीकडचा काठ असतो त्याहून खालीच दिसतो. (माझ्या बाबतीत उलटं चाललं होतं, पण ते सूत्रात बसत नाही.) उपाय एकच. यंत्र या काठावर लावून दोन्ही काठांचे स्टाफ वाचायचे, मग त्या काठावर लावून पुन्हा दोन्ही वाचायचे. चूक दोन्हीकडे सारखीच येते, पण उलट्या बाजूनं. सरासरी काढली की मरते. आणि ऊन चढेल तशी हवा बदलते, म्हणून दोन यंत्रं दोन काठांवर एकाच वेळी लावायची आणि मग अदलाबदल करायची.

तर मी या काठाला, मॅडम त्या काठाला.

इतक्या लांबून स्टाफवरचे आकडे वाचता येत नाहीत. त्यासाठी स्टाफवर लाल-पांढरं टार्गेट सरकवतात. आपण हात वर केला की पलीकडचा खलाशी ते वर घेतो, खाली केला की खाली, आडवा केला की थांबतो. मी डोळा लावला. टार्गेट दिसलं, आणि दुर्बिणीच्या वर्तुळाच्या कडेला, स्टाफपासून चार पावलांवर, मॅडम. उलट्या. त्यांच्या यंत्रावर ऊन येऊ नये म्हणून त्यांनी स्वतःची निळी छत्री धरली होती आणि आपण उन्हात उभ्या होत्या. माझ्या दुर्बिणीत ती छत्री निळ्या वाडग्यासारखी दिसत होती आणि मॅडम वरून त्यात ओणवलेल्या. एकदा त्यांनी कपाळावरचा घाम बाहीनं पुसला. एकदा वहीत काहीतरी लिहून, रेघ मारून, पुन्हा लिहिलं.

माझा हात वरच राहिला होता.

“सायेब,” शेजारचा म्हातारा खलाशी शेवटी म्हणाला, “त्यो टार्गेट आता आभाळात जायाचा.” पलीकडच्या पोरानं ते इमानानं हात पोचेल तिथवर नेलं होतं आणि टाचा उंचावून उभा होता.

अदलाबदलीसाठी दोन होड्या निघाल्या. भरती लागली होती. मी डम्पीची पेटी मांडीवर घेऊन बसलो होतो, समोरून मॅडम ऑटो लेव्हलची पेटी मांडीवर घेऊन येत होत्या. खाडीच्या मधोमध होड्या इतक्या जवळून गेल्या की हात लांब केला असता तर पोचला असता. मी बोलायचं ठरवलं होतं. काय, ते ठरवलं नव्हतं. तोंड उघडलं तेवढ्यात त्यांनीच हात वर केला.

“रीडिंग सांगू नकोस हं! तुझं तू काढ, माझं मी काढते. मग बघू.”

मी मान डोलावली. होड्या गेल्या.

डम्पीनं या काठावरून फरक दिला १.२८४ मीटर, त्या काठावरून १.२६२. सरासरी १.२७३. संध्याकाळी कंदिलाशी दोन वह्या शेजारी ठेवल्या. मॅडमचाही १.२७३. “जमतंय की तुला,” त्या म्हणाल्या. हे वाक्य मी बरेच महिने वापरलं.

मार्चात त्या नोकरी सोडून बडोद्याला गेल्या. तिथं त्यांचं लग्न ठरलं होतं. ऑफिसात वीस-वीस रुपये वर्गणी काढून एक पेन आणि एक भिंतीवरचं घड्याळ दिलं. घड्याळ मीच निवडलं. भाषणं झाली, बटाटेवडे झाले. मी बोललो नाही.

जायच्या आदल्या दिवशी मात्र त्यांनी सगळ्या वह्या तपासायला घेतल्या. माझी वही उघडून पानामागून पान टिचक्या मारत गेल्या, आणि डिसेंबरच्या त्या पानावर थांबल्या. शेवटचा रकाना शेऱ्याचा असतो. स्टाफ कुठं ठेवला होता ते तिथं लिहायचं: पिंपळाच्या मुळाशी, खुंटी क्रमांक तीन, देवळाची पायरी. पलीकडच्या काठाच्या रीडिंगसमोर, शेऱ्यात, माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं, ‘निळी छत्री’.

हे मी कधी लिहिलं ते मला खरंच आठवत नव्हतं.

“छत्री हा पॉइंट होऊ शकत नाही,” मॅडम म्हणाल्या. “उद्या दुसरा कुणी ही वही घेऊन त्या काठावर गेला, तर त्यानं काय शोधायचं?”

“चुकलं, मॅडम.”

“दुरुस्त कर. कातळावरची चुन्याची खूण, असं लिही.”

मी पेन घेतलं. हात थोडा कापला असावा, कारण रेघ जाड होऊ लागली आणि त्यांनी बोट पुढं करून मला थांबवलं.

“एवढी नको. खालचं वाचता आलं पाहिजे.”

मी बारीक रेघ मारली, वर खूण लिहिली, सही केली. त्यांनी माझ्या सहीखाली आपली केली, तारीख घातली आणि पान उलटलं.