सागाच्या गावात डोलणारी सायकल

"सायकल जाते कोठी मंग?" मिस्त्रींनी विचारलं.

"कुठेच नाही," मी म्हटलं.

त्यांनी कानामागची पेन्सिल काढली, माझ्या वहीतल्या स्केचकडे पुन्हा एकदा बघितलं आणि एकदम शांतपणे म्हणाले, "जाणारच नाही तं हलवता कायले, ताई?"

मंडळी, प्रश्न बिनतोड होता. उत्तर द्यायला मला पंधरा दिवस लागले.

तर झालं असं की, गेल्या वर्षी पुण्यात सकाळी सायकल चालवताना रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या कारचं दार अचानक उघडलं. पुढचं सांगत नाही, कॉलरबोन मोडलं एवढं पुरे. हाड जुळलं, पण आईने फोनवर एक वचन घेतलं ते मात्र तसंच राहिलं: "रस्त्यावर सायकल नाही म्हणजे नाही." मग आला इनडोअर ट्रेनर. मागच्या चाकाचा अ‍ॅक्सल दोन्ही बाजूंनी घट्ट पकडायचा, टायर एका रोलरवर दाबायचा आणि खिडकीकडे तोंड करून पेडल मारत बसायचं. घाम भरपूर, प्रवास शून्य.

दिवाळीला महिनाभर घरी, परतवाड्याला जायचं ठरलं. फ्रीलान्सरला ऑफिस नसतं हा एकच फायदा, तो पुरेपूर घेतला. ट्रॅव्हल्सच्या टपावर सायकल आणि डिकीत ट्रेनर. सोबत एक दुखणं पण होतं. अर्ध्या तासाच्या वर ट्रेनरवर बसलं की कंबर आणि बैठक जाम अवघडायची.

फंडा काय आहे?

रस्त्यावर आपण जोर लावतो तेव्हा सायकल आपल्याखाली डावी-उजवी डोलते. उभं राहून चढ चढताना तर चांगलीच. ट्रेनरवर ती शिकंज्यात अडकलेली असते. सायकल हलत नाही, म्हणून तिच्या वाटचं सगळं हलणं आपल्या कमरेला करावं लागतं. यावर उपाय म्हणजे रॉकर प्लेट. दोन फळ्या, मध्ये एक बिजागरीसारखा दांडा आणि दोन्ही बाजूंना हवेचे किंवा रबराचे बॉल. वरच्या फळीवर ट्रेनरसकट सायकल. तुम्ही जोर लावला की फळी पाच-सहा अंश कलते आणि बॉल तिला परत सरळ करतात. परदेशात रेडीमेड मिळते, पण चांगलीच महाग. त्यामुळे जगभरचे सायकलवेडे ती घरीच ठोकतात.

आणि ठोकाठोकीच करायची तर परतवाड्यासारखं गाव नाही!

लाकडाचा वास

अमरावतीहून पन्नासेक किलोमीटर उत्तरेला आलं की आधी संत्र्यांचे बगीचे लागतात, मग समोर सातपुड्याची निळी रेघ दिसते आणि मग वास येतो, ताज्या चिरलेल्या सागाचा. अचलपूर हे जुनं शहर, एकेकाळी वऱ्हाडच्या इमादशाहीची राजधानी. परतवाडा म्हणजे त्याच्या शेजारची इंग्रजांची छावणी. जुनी माणसं अजूनही 'कॅम्प' म्हणतात. मेळघाटच्या तोंडाशीच बसलेलं गाव, त्यामुळे जंगलातला साग इथे उतरायचा, वनविभागाच्या आगारात लिलाव व्हायचा आणि आरामशीनवर चिरला जायचा. पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत मेळघाट १९७३-७४ साली आला, जंगलाचे नियम बदलले. तरी या गावच्या हातातलं लाकडाचं ज्ञान गेलेलं नाही. इथला मिस्त्री फळी हातात न घेता, नुसती टिचकी मारून सांगतो की आत गाठ आहे का नाही.

आमच्या मिस्त्रींनी मात्र पहिल्यांदा नाकच मुरडलं. मला हवा होता अठरा एमएमचा प्लाय. "सागाच्या गावात प्लाय?" त्यांनी असं विचारलं की जणू मी पुरणपोळीवर सॉस मागितला. पण मोठी रुंद सागाची फळी जड, महाग, शिवाय हवामानाप्रमाणे वाकायची भीती. प्लाय सरळ राहतो. शेवटी तह झाला: फळ्या प्लायच्या, पण दांडा धरणारे ठोकळे सागाचे.

आठ बाय चारच्या एका शीटमधून चार फूट बाय अडीच फुटाच्या दोन फळ्या निघाल्या. बेअरिंग मिळाल्या शेतीच्या मशीनचे पार्ट विकणाऱ्या दुकानात. वीस एमएमच्या दांड्याला बसणारे दोन पेडस्टल, ज्यावर २०४ नंबर असतो. ते खालच्या फळीवर मधोमध, एक पुढे आणि एक मागे. त्यातून दांडा, आणि दांड्याची टोकं वरच्या फळीच्या ठोकळ्यांत पक्की. दोन फळ्यांमधली फट सुमारे पावणेसात सेंटिमीटर, म्हणजे जवळपास एका टेनिस बॉलएवढी. काय योगायोग! चौकातल्या दुकानातून चार बॉल आणले, दांड्याच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा इंचांवर बसवले. काम फत्ते.

धप्प!

कसलं फत्ते! सायकल चढवली, मी बसले, दोन पेडल मारले आणि फळी डावीकडे कलली ती तिथेच. धप्प. मिस्त्रींनी मला हाताला धरून उतरवलं. अंगणातल्या पायरीवर बसलेल्या आईचा चेहरा पांढरा पडला होता. ती काहीच बोलली नाही, उठून आत गेली. ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

घोळ असा होता की सायकलस्वाराचं वजन दांड्याच्या बरंच वर असतं. थोडं कललं की तेच वजन आणखी खाली ओढतं. मी म्हटलं, आणखी कडक बॉल आणू. मिस्त्री म्हणाले, "बॉल तेच राहू द्या, दूर करा. खाटेचे पाय मधात असते का? कोपऱ्यात असते ना!"

बॉस, हे फिजिक्स आहे. बॉल दुप्पट लांब नेला की तेवढ्याच कलण्यात तो दुप्पट दबतो, आणि तरफही दुप्पट लांब होते. म्हणजे आधार चौपट. बॉल सहा इंचांवरून बारा इंचांवर गेले, चाराचे आठ झाले, प्रत्येकासाठी फळीत गोल खाच पाडली. शिवाय फळी फार कलू नये म्हणून चारही कोपऱ्यांवर सागाचे ठोकळे, ही मिस्त्रींची स्वतःची भर. "मायच्या जिवाले आराम," ते एवढंच म्हणाले.

दुसऱ्यांदा बसले. फळी डोलली आणि परत आली. डावीकडे, उजवीकडे, परत मध्ये. पाऊण तास झाला तरी कमरेने तक्रार केली नाही.

आई सीटवर

त्या रात्री जेवणं झाल्यावर आई अंगणात आली. फळीवर एक पाय ठेवून दाबून बघितलं. मग म्हणाली, "धर मला."

साडीचा काचा सावरून ती सीटवर बसली. मी आणि बाबा दोन्ही बाजूंना. सायकल कलली तशी ती घाबरून ओरडली, आणि मग चक्क हसायला लागली. "माझी सायकल याहून जास्त हलायची ग! हँडलला डबा आणि मागे वह्यांचा गठ्ठा." आई शाळेत शिकवायची हे माहीत होतं. ती कॅम्पातून सायकलने जायची, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. रूळ ओलांडताना शकुंतला रेल्वे आली की थांबावं लागायचं, म्हणाली, आणि ती इतकी निवांत जायची की उभ्या-उभ्या चार वह्या तपासून व्हायच्या. १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनवर धावणारी अचलपूरची ती छोटी गाडी आता बंद आहे. आईची सायकलही केव्हाच भंगारात गेली.

"पडायचीस का?" मी विचारलं.

"दोनदा. तुझ्या आजीला सांगितलं नाही."

थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग मीच कबूल केलं की ही फळी कितीही डोलली तरी रस्ता शिकवत नाही. इथे बॉल सावरतात, रस्त्यावर हँडल वळवून आपल्यालाच सावरावं लागतं. कंबर बरी झाली, पण भीती अजून तशीच आहे, हेही सांगितलं.

आई खाली उतरली. "उद्या सकाळी धामणगाव गढीपर्यंत जाऊन ये. हेल्मेट घालून. आणि घाटात नाही."

धामणगाव गढी म्हणजे चिखलदऱ्याच्या घाटाच्या पायथ्याचं गाव. दुसऱ्या दिवशी थंडीत निघाले. उभ्या गाडीजवळून जाताना प्रत्येक वेळी श्वास अडकत होता, पण हँडल सरळ राहिलं. पायथ्याशी थांबून वर बघितलं. धुक्यात शिरणारा तो रस्ता अकराशे मीटरवरच्या चिखलदऱ्याला जातो. खूप मोह झाला. पण वचन ते वचन. चहा घेतला आणि मागे फिरले.

येताना मिस्त्रींच्या दुकानापाशी ब्रेक लावला. त्यांनी रंधा थांबवला, टायरची धूळ बघितली आणि म्हणाले, "आता गेली वाटते कोठीतरी."

तुम्हालाही ठोकायचीय?

• बॉल दांड्यापासून जमेल तितके लांब ठेवा. आधी चार लावून बघा, मग वाढवा.
• कोपऱ्यांवर ठोकळे हवेतच. पहिल्यांदा बसताना कुणालातरी शेजारी उभं करा.
• पुढचं चाकही त्याच फळीवर असू द्या, नाहीतर सायकलला पीळ बसेल.
• नटबोल्ट दर आठवड्याला तपासा, डोलण्याने ते सैल होतात.

जायचं कसं?

रेल्वेने बडनेरा किंवा अमरावती, तिथून एसटीने परतवाडा. पुढे चिखलदरा धामणगाव गढीमार्गे तीसेक किलोमीटर, किंवा मग घटांगमार्गे. वर गेलात तर महाराष्ट्रात एरवी न दिसणारे कॉफीचे मळे आणि गाविलगड किल्ला चुकवू नका. आणि परतवाड्यात एखाद्या आरामशीनपाशी दोन मिनिटं थांबा. त्या वासासाठी तिकीट नाही!